पहिले ऐंशी हजार

सावेडी, अहिल्यानगर
२७ डिसेंबर २०२४

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. विमा कंपनी तुझ्या नुकसानीतून जे पहिले ऐंशी हजार रुपये वजा करणार आहे, ते बुडालेले नाहीत. ते तुला परत मिळू शकतात. यापलीकडे काही सिद्ध करण्याचा माझा दावा नाही.

आधी वस्तुस्थिती, जशी तुझ्या पत्रावरून मला समजली तशी. १९ तारखेला दुपारी, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर देवळाली प्रवऱ्याच्या तुझ्या रोपवाटिकेजवळच्या वळणावर आला. मागची ट्रॉली कलंडली ती थेट शेडनेटवर. पाइप वाकले, जाळी फाटली, ट्रेमधली साठ हजार ऊसरोपे उसाखालीच गाडली गेली. माणूस कोणी दुखावला नाही. ट्रॅक्टर खर्ड्याच्या रंगनाथ यांचा. वेग जास्त होता हे त्यांच्या चालकाने पोलिसांपुढे मान्य केले. कंपनीने पाठवलेल्या सर्वेक्षकाने नुकसान चार लाख ऐंशी हजार धरले. हप्ता कमी बसावा म्हणून तू मोठी वजावट निवडली होतीस, सबब पहिले ऐंशी हजार तुझे तू सोसायचे आणि उरलेले चार लाख कंपनी देणार.

आता तत्त्व. नुकसान तुझे झाले, म्हणून ज्याच्यामुळे झाले त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्कही तुझा. कंपनीने तुला चार लाख दिले की ती तेवढ्यापुरती तुझ्या जागी उभी राहते आणि रंगनाथांकडून, किंवा त्यांच्या ट्रॅक्टरचा विमा आहे त्या कंपनीकडून, वसुली करते. विमाव्यवसायात याला सबरोगेशन म्हणतात. वसुली पूर्ण झाली, तर तिच्यात तुझे ऐंशी हजारही येतात आणि ते तुझ्याकडे परत यायला हवेत. अर्धीच झाली, तर वाटणी कशी करायची हा वादाचा मुद्दा आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर तुला "दीड-दोन वर्षं धरून चाला" असे सांगितले, ते दुर्दैवाने खरे असावे.

पॉलिसीची पूर्ण प्रत टपालाने पाठव. फोन करू नकोस. कानाला यंत्र लावले की समोरच्याचे ऐकू येते, फोनवरचे येत नाही. शिवाय तुला वादविवाद स्पर्धेसाठी तयार करताना मी काय सांगत असे ते आठव: बोललेले वाक्य निसटते, लिहिलेले सापडते.

गहिनीनाथला आशीर्वाद. तुझे वडील माझ्या वर्गात जेमतेम एक वर्ष बसले, पण प्रश्न विचारून मला हैराण करणारा विद्यार्थी तोच.

तुझा,
नृसिंह सर

·

देवळाली प्रवरा
६ जानेवारी २०२५

ती. सरांना निकिताचा सा. नमस्कार.

पॉलिसीची प्रत सोबत आहे, चौदा पाने. मी तीन वेळा वाचायला घेतली आणि तीनही वेळा चौथ्या पानावर थांबले.

काल रंगनाथ स्वतः आले होते, बरोबर त्यांच्या गावचे दोघे. मला वाटलं होतं दमदाटी करतील. तर माणूस आल्या आल्या मोडलेल्या शेडनेटपाशी गेला, एक ट्रे उचलला, त्यातली वाळलेली रोपं बोटानं चाचपली आणि म्हणाला, "ताई, ह्ये बगून झोप लागंना मला." मग ओट्यावर बसून मुद्द्यावर आले. कंपनी चार लाख देतेय हे त्यांना कळलंय. तुमच्या पदरचे जे ऐंशी जातात ते मी आत्ता देतो, दोन वर्षं कशाला थांबता, असं म्हणाले. फक्त कागद करून द्या, म्हणजे पुन्हा कोर्टकचेरी नको.

सर, मला हे पैसे आत्ता हवे आहेत हे तुमच्यापासून काय लपवू? सुरू हंगामाच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या लागणीच्या, ऑर्डरी गेल्या त्या गेल्या. जुलैतल्या आडसालीच्या लागणीसाठी रोपं द्यायची तर मे महिन्यात ट्रे भरावे लागतील, म्हणजे एप्रिलअखेर जाळी उभी हवी. ती नाही झाली तर सहा वर्षांत जोडलेले शेतकरी दुसऱ्या रोपवाटिकेत जातील आणि परत येणार नाहीत. नऊ बाया माझ्याकडे कामाला आहेत.

अण्णांचं मत वेगळं आहे. ते तुम्हाला सांगायला त्यांनी बजावलंय, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते: "सरांना म्हनावं, कंपनीला इचारल्याबिगर कागद करू नगा. पैशे त्यांच्याकडनं यायचे हायेत. दोन ओळींचं पत्र टाकायला काय जातंय?"

मी म्हटलं, विचारलं की ते महिना लावतील. तर म्हणाले, "लागू दे. रोप लावल्यावर रोज उपटून बगतीस व्हय, मूळ धरलं का म्हनून?"

आता तुम्ही सांगा. आणि कागद करायचा असेल तर तो तुम्हीच लिहून द्या. तुमच्या वाक्यातून कोणाला फट सापडत नाही.

आपली,
निकिता

·

सावेडी, अहिल्यानगर
९ जानेवारी २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

पॉलिसी वाचली, चौदाही पाने. पेन्सिलीच्या खुणांसह परत पाठवत आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. एकूण नुकसानीचे दोन भाग आहेत. चार लाखांचा भाग कंपनी सोसणार, म्हणून तो वसूल करण्याचा हक्क कंपनीचा. ऐंशी हजारांचा भाग तू सोसणार, म्हणून तो हक्क तुझा. रंगनाथ तुला फक्त तुझाच भाग देत आहेत. स्वतःचे घेताना दुसऱ्याची परवानगी लागत नाही. म्हणून कंपनीला विचारण्याचे कारण उरत नाही.

गहिनीनाथला सांग की त्याची सावधगिरी मी समजू शकतो. परंतु विचारण्याची गरज तेव्हाच पडते, जेव्हा उत्तर युक्तिवादाने मिळत नाही. इथे ते मिळते.

कागदाचा मजकूर पुढीलप्रमाणे ठेव. एक शब्दही बदलू नकोस.

"दिनांक १९ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या अपघातामुळे उद्भवलेला माझा संपूर्ण हक्क वरील ऐंशी हजार रुपयांच्या रकमेने फिटला असून, सदर अपघाताबाबत श्री. रंगनाथ अथवा त्यांच्या वतीने अन्य कोणाविरुद्ध माझा कोणताही दावा शिल्लक राहिलेला नाही व यापुढे राहणार नाही."

'संपूर्ण' हा शब्द मी विचारपूर्वक घातला आहे. अर्धवट कागदच पुढची भांडणे जन्माला घालतो.

तुझा,
नृसिंह सर

·

देवळाली प्रवरा
१७ जानेवारी २०२५

ती. सरांना सा. नमस्कार.

कागद परवा झाला. रंगनाथांनी तो तीन वेळा वाचून घेतला आणि विचारलं, "कुनी लिवलं ह्ये?" मी तुमचं नाव सांगितलं, तर कागद कपाळाला लावला. पैसे त्याच दिवशी खात्यावर जमा झाले. पाइपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाकली. कागदाची नक्कल कंपनीलाही पाठवली. आता फक्त त्यांचे चार लाख यायचे.

अण्णांनी साक्षीदार म्हणून सही केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा खिशात होता.

आपली,
निकिता

·

देवळाली प्रवरा
१४ फेब्रुवारी २०२५

ती. सरांना सा. नमस्कार.

कंपनीचं पत्र आलं. नक्कल सोबत आहे, पण महत्त्वाचं वाक्य इथंच उतरवते: "आपण दोषी पक्षास कंपनीच्या लेखी संमतीवाचून सदर अपघातातून उद्भवणाऱ्या संपूर्ण दायित्वातून मुक्त केले आहे. त्यामुळे कंपनीचा वसुलीचा हक्क नष्ट झाला असून, अट क्रमांक नऊनुसार आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे."

म्हणजे ऐंशी हजार मिळाले आणि चार लाख गेले.

मी नगरला त्यांच्या कार्यालयात गेले होते. अधिकारी कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय की तुमचा काही दावा उरला नाही. आम्ही तुमच्या नावानंच वसुली करणार होतो ना? तुमच्याकडेच काही नाही, तर आम्ही कुणाच्या नावानं मागायचं?" मग विचारलं, "ट्रॅक्टरवाले तुमचे पाहुणे आहेत का?"

सर, आम्ही संगनमत केलं असं त्यांना वाटतंय. मी मान खाली घालून बाहेर आले.

एक दार किलकिलं ठेवलंय. रंगनाथांनी नवा कागद करून दिला, की ती रक्कम फक्त वजावटीपुरती होती आणि बाकीचा दावा कायम आहे, तर ते फेरविचार करतील. मुदत ३१ मार्च.

पाइप येऊन पडलेत. ते उभे करायला आणि जाळीला पैसे नाहीत. अण्णा बोलत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी काय करू?

निकिता

·

सावेडी, अहिल्यानगर
१९ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटले. तथापि दोष कुठे आहे हे नीट तपासले पाहिजे, नाहीतर उपायही चुकीच्या जागी होईल.

एक. माझा युक्तिवाद दिलेल्या माहितीवर उभा होता आणि त्या माहितीपुरता तो निर्दोष होता. दोन. अट क्रमांक नऊ ही या प्रकरणात लागू पडेल, असे कोणी माझ्या निदर्शनास आणून दिले नव्हते. तीन. कागदावर सही करण्यापूर्वी तो कंपनीला दाखवण्यास मी मनाई केली नव्हती. त्याची आवश्यकता नाही, इतकेच म्हटले होते. या दोन विधानांत अंतर आहे.

रंगनाथांचा ट्रॅक्टर विमाकृत आहे आणि चालकाचा परवाना वैध आहे, म्हणजे नव्या कागदाने त्यांच्या खिशाला झळ लागण्याचे कारण नाही. भार त्यांच्या विमा कंपनीवर जाईल. तू जाऊन त्यांना हे समजावून सांग.

नृसिंह

·

देवळाली प्रवरा
२५ फेब्रुवारी २०२५

ती. सरांना नमस्कार.

तुम्हीच शिकवलंय की प्रतिपक्षाचं विधान आधी त्याच्या शब्दांत मांडावं. म्हणून मांडते. तुम्ही म्हणता, अट नऊ तुमच्या निदर्शनास कोणी आणून दिली नाही.

पॉलिसी माझ्यासमोर आहे. पान अकरा. "तिसऱ्या व्यक्तीशी कोणतीही तडजोड कंपनीच्या लेखी संमतीविना करू नये." त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. समासात तुमच्या अक्षरात लिहिलंय, "येथे अप्रस्तुत."

सर, मी अट वाचली नव्हती, हा माझा दोष. तुम्ही वाचली होती.

तुमच्या दोन विधानांतलं अंतरही मी मोजून पाहिलं. ज्या मुलीनं तुमच्या वाक्यातला शब्द बदलायचा नाही असं दहावीपासून पाळलंय, तिच्यासाठी ते अंतर शून्य आहे.

रंगनाथांकडे मी जाऊन आले. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. चहा दिला. पण म्हणाले, "ज्यांनी पयला कागद लिवला त्यांनाच यिऊ द्या."

निकिता

·

सावेडी, अहिल्यानगर
८ मार्च २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

मी परवा खर्ड्याला जाऊन आलो. जामखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. विजया नको म्हणत होती. एकोणऐंशीव्या वर्षी बसचे धक्के शोभत नाहीत, असे तिचे मत. पण तुझ्या काकूंचे प्रत्येक मत मानले असते तर मी घराबाहेर फारसा पडलोच नसतो.

रंगनाथ घरीच होते. किल्ल्याच्या अलीकडे त्यांचे घर आहे. त्यांनी आदराने बसवले. मी त्यांना संपूर्ण विषय पायरीपायरीने समजावला: वजावट म्हणजे काय, कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहते म्हणजे काय, पहिल्या कागदाची व्याप्ती अभिप्रेत व्याप्तीपेक्षा मोठी कशी ठरली, आणि नव्या कागदाने त्यांचे नुकसान का होत नाही. जवळजवळ दीड तास बोललो. त्यांनी लक्ष देऊन ऐकले. शेवटी नवा कागद करण्यास नकार दिला.

माणूस प्रामाणिक आहे, परंतु हट्टी आहे. युक्तिवाद त्याच्यापुढे चालत नाही.

दुसरा मार्ग सुचवतो. माझ्या नावावर बँकेत साडेतीन लाखांची ठेव आहे. ती मोडून तुला देतो. परत करण्याची घाई नाही. खाते क्रमांक कळव.

नृसिंह

·

देवळाली प्रवरा
१३ मार्च २०२५

ती. सरांना सा. नमस्कार.

तुम्ही या वयात एवढ्या लांब गेलात, हे वाचून माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा पुढे लिहिते.

काल मी रंगनाथांना फोन केला. नकार का दिला असं विचारलं. ते जे म्हणाले, ते जसंच्या तसं:

"ताई, सरांनी मला दीड तास शिकिवलं. लई ग्वाड बोलत्येत. सारं पटलं बगा मला. मी पेन बी काडला हुता. निस्तं येवढंच इचारलं, सर, म्हंजी पयला कागद चुकला हुता का? तर म्हनले, चुकला न्हवता, त्याची ती काय व्याप्ती मोटी झाली. म्या पुन्ना इचारलं, चुकला का न्हाई? तर म्हनले, असं सरसकट म्हनता येत न्हाई. मंग ताई, चुकला न्हाई तर त्यो ऱ्हाऊ द्या की! चांगला कागद मोडून मी दुसरा कशापाई करू? आन त्यो चुकला आसंल, तर तसं म्हनाया काय हुतंय? तेंच्याच कागदावर मी येकदा इस्वास ठिवला. दुसऱ्यावर ठिवायचा तर पयला चुकीचा, ह्ये कुनीतरी बोललं पायजे का नगं?"

सर, तुम्ही लिहिलंत की युक्तिवाद त्यांच्यापुढे चालत नाही. मला तर वाटतं, खर्ड्यात त्या दिवशी एकच बिनतोड युक्तिवाद झाला, आणि तो त्यांनी केला. तुम्ही मला नकार कळवलात, प्रश्न कळवला नाहीत.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. महिन्यानंतर पहिल्यांदा बोलले. "सरांना वर्गात मी आसंच इचारायचो," म्हणाले. "फळ्यावर काय चुकलं आसलं तर ते पुसायचे. चुकलं म्हनायचे न्हाईत." आणि हसले. रागानं नाही हसले, सर.

तुमची ठेव नको. ती काकूंच्या आजारपणासाठी ठेवलेली आहे, हे मला माहीत आहे. काकूंनीच मागे सांगितलं होतं. शिवाय तुमच्या पैशांनी जाळी उभी राहील, पण कंपनीच्या फायलीत मी रंगनाथांची पाहुणीच राहीन.

मला चार लाख माझेच हवेत. त्यासाठी तुमच्याकडून एकच ओळ हवी आहे. ती कशी लिहायची हे मी तुम्हाला सांगणार नाही.

मुदतीला अठरा दिवस उरलेत.

आपली,
निकिता

·

सावेडी, अहिल्यानगर
१७ मार्च २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

पहिल्या पत्रात एक गोष्ट सिद्ध करण्याचे मी तुला वचन दिले होते: पहिले ऐंशी हजार तुला परत मिळू शकतात. ते सिद्ध झाले, आणि त्या सिद्धतेची किंमत चार लाख पडली. म्हणून या पत्रात दुसरी गोष्ट सिद्ध करतो.

मी नुकसानीचे दोन भाग केले आणि हक्काचेही दोन भाग पडले असे धरून चाललो. नुकसान सोसणारे दोघे होते, हे खरे. परंतु रंगनाथांविरुद्धचा हक्क एकच होता, अखंड, आणि तो तुझा होता. कंपनीकडे स्वतःचे काहीच नव्हते. ती तुझ्या जागी उभी राहणार होती, आणि उभे राहण्याआधीच ती जागा मी तुझ्या सहीने रिकामी करून टाकली. ज्या अधिकाऱ्याने तुला खाली मान घालायला लावली, त्याला हे एका वाक्यात कळले होते. मी स्वतःच ते पहिल्या पत्रात तुला शिकवले होते. "ती तुझ्या जागी उभी राहते" हे शब्द माझेच आहेत. दुसऱ्या पत्रात मी ते विसरलो, कारण तेव्हा मला वाक्य निर्दोष करण्याचा मोह पडला होता.

गहिनीनाथने दोन ओळींचे पत्र टाकायला सांगितले होते. त्याला मी उत्तर पाठवले, त्याचे ऐकले नाही.

रंगनाथांनी मला एकदा नव्हे, तीन वेळा विचारले. तू दोनदाच लिहिले आहेस. तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी पेनाचे टोपण लावले. मी ते पाहिले, आणि तरीही व्याप्तीबद्दलच बोलत राहिलो. परतीच्या बसमध्ये मला उत्तर ठाऊक होते. घरी येऊन तुला मात्र "हट्टी" हा शब्द लिहिला. तो शब्द त्यांच्या नव्हे, माझ्या नावापुढे वाच.

सोबतचे निवेदन दोन प्रतींत केले आहे. एक प्रत कंपनीसाठी तुला पाठवत आहे. दुसरी टपालाने पाठवणार नाही. परवा सकाळच्या जामखेड गाडीने मी ती स्वतः घेऊन जातो आणि रंगनाथांसमोर मोठ्याने वाचतो. विजया बरोबर येत आहे. तिचे म्हणणे, एकटे सोडले तर तुम्ही तिथे पुन्हा शिकवायला लागाल. या वेळी तिचे मत मानले आहे.

रंगनाथ सही करतील की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही.

तुझा,
नृसिंह सर

निवेदन

दिनांक १५ जानेवारी २०२५ रोजी निकिता गहिनीनाथ, राहणार देवळाली प्रवरा, यांनी श्री. रंगनाथ, राहणार खर्डा, यांना करून दिलेल्या कागदाचा मजकूर मी, खाली सही करणाऱ्याने, तयार केला. निकिताने त्यातला एक शब्दही बदलू नये असे मी तिला बजावले होते. कंपनीला विचारण्याचे कारण नाही, असेही मीच लिहिले होते. पॉलिसीतील अट क्रमांक नऊ मी वाचली होती. तिने वाचली नव्हती. दोन्ही पक्षांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांच्यात संगनमत नव्हते.

दिलेले ऐंशी हजार रुपये केवळ वजावटीपुरते होते, असे दोन्ही पक्षांच्या मनात होते. कागदात मी त्याहून जास्त लिहिले.

तो कागद चुकला होता. चूक माझी.

(सही)
नृसिंह
१७ मार्च २०२५